हार्ट फेल्युअर: वजनकाटा की अंगठा?
हृदय कमजोर झालेल्या माणसाच्या अंगात पाणी साठतंय का, हे घरी दोन तऱ्हांनी कळतं. नडगीवर अंगठा दाबायचा. खळगा राहिला तर सूज. खर्च शून्य, पण सूज दिसेपर्यंत बरंच पाणी साठलेलं असतं. शिवाय अंथरुणाला खिळलेल्यांची सूज पायांऐवजी मागे कमरेखाली, माकडहाडापाशी उतरते, तिकडे कोण बघतं?

काटा आधी सांगतो. सकाळी लघवी करून, चहाआधी, रोज तशाच कपड्यांत वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढलं की डॉक्टरांना फोन. दापोली-गुहागरकडे पावसाळ्यात ताटात सुकट नि खारवलेला बांगडा, म्हणजे मीठच मीठ, नि मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. तेव्हा माझं मत काट्यालाच. फक्त सारवलेल्या जमिनीवर तो डुगडुगतो, लादीवर ठेवा. तोल जाणाऱ्या आजीला मात्र काट्यावर चढवू नका, तिथे अंगठाच बरा.