बाबांसाठी गाणं की ताल?

जूनचा तिसरा रविवार, फादर्स डे. सोलापुरात मुलांच्या संगीतोपचार वर्गात दोन गोष्टी सहज करता येतील.

एक, ओळखीच्या चालीवर गाणं रचणं. 'माझे बाबा...' पुढे मूल आपला शब्द घालतं. मजा येते, पण बोलक्या मुलांनाच. आणि ज्याला आजी नाहीतर मामा सांभाळतो, त्याच्यासाठी 'बाबा'ची जागाही मोकळी हवी.

दुसरी, तालाचा सवाल-जवाब. बाबा डब्यावर चार ठोके देतात, मूल तेच परत वाजवतं. मग पुढाकार मुलाकडे. यंत्रमागावरच्या बापाला ठेका काय शिकवायचा! न बोलणारं मूलही यात बरोबरीने उतरतं. फक्त बंद खोलीत हलगी नको, काही मुलं कान झाकतात.

माझं मत तालाला. बाबा रात्रपाळीला असतील तर मात्र गाणंच बरं, मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवता येतं.