चपलेच्या आत काय भरलंय ते कुणाला दिसतंय? (५ पैकी ५ स्टार)

कोल्हापुरात महाद्वार रोडवरनं आत एका गल्लीत कोल्हापुरी चपलांचं छोटंसं दुकान आहे, बोर्ड पण नीट दिसत नाही. मालकांना न विचारता नाव टाकणं बरोबर वाटत नाही म्हणून नुसतं मामा म्हणतो.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका दुकानातनं 'शंभर टक्के हाताची' म्हणून जोडी घेतलेली, पहिल्याच वळवात तळ सुटला आणि आतनं पुठ्ठा बाहेर आला. पैशापेक्षा फसवल्याचं जास्त लागलं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे ही वस्तू याच भागातली असा सरकारी शिक्का मिळाला, महाराष्ट्रातले ४ आणि कर्नाटकातले ४ जिल्हे त्यात आहेत, पण शिक्का कितीबी मोठा असला तरी तळाच्या दोन थरांमध्ये काय घालायचं हे शेवटी शिवणाराच ठरवतो, आणि तिथं बघायला कोण नसतं.

मामांकडं बाबांसाठी गेलो. आधी चहा आला. चहा पाजल्याशिवाय भाव सांगत नाहीत, का विचारलं तर म्हणाले, जातीमुळं आमच्या आज्ज्याला हॉटेलात कप मिळत नव्हता, गंगाराम कांबळे या दलित माणसाच्या हॉटेलात शाहू महाराज स्वतः जाऊन चहा प्यायले तवा लोकांची तोंडं बंद झाली, म्हणून माझ्या दारातनं कोण चहाबिगर जायचा नाही. भिंतीवर संत रोहिदासांचा फोटो, खाली कातडं भिजवायची कुंडी. पूजा वगैरे काय दिसली नाही, पण कामाला बसताना त्या फोटोकडं एकदा बघतात, मी दोनदा बघितलं.

मग त्यांनी स्वतःच दाखवलं की खिळा नसतो, चामड्याच्या वादीनंच शिवलेलं असतं, कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं. वरची वेणी मामी घालतात. आधी मामा एका व्यापाऱ्याला माल द्यायचे, तो म्हणायचा आतला थर चिकटवा आणि जोड्या वाढवा. सोडलं. "पैसं कमी झालं खरं, पण आता चुकीचं कर म्हणणारा कोण न्हाई," मामी म्हणाल्या. मला ते लई भिडलं, कारण आपण नोकरीवाले रोज काय काय चिकटवून पुढं ढकलतो ते आपल्यालाच माहीत.

तीन दिवसात पाहिजे म्हटलं तर सरळ नाही म्हणाले, घाई असंल तर दुसरीकडं बघा. बाराव्या दिवशी गेलो तर एक पाय तयार आणि दुसरा परत उसवलेला, आतल्या थराला सुरकुती पडली होती म्हणे. वरनं बघितला असता तर मला काय कळलं नसतं. अजून ३ दिवस लागले, त्याचा एक रुपया जास्त घेतला नाही.

जोडी २४०० ला पडली, महाग वाटेल पण बाबा सहा महिने रोज रंकाळ्याला घालून जातात, शिलाई जशीच्या तशी आहे. पावसाळ्यात घालू नका, मधनंमधनं तेल लावा हे मामा दोनदा सांगतात. लग्नाची ऑर्डर असेल तर पंधरा-वीस दिवस हातात ठेवूनच जावा.