मशीन खरं, तबकडी बनावट: ‘पाद्र्यांच्या घड्याळा’त आम्हाला घातलेला गंडा

येशूचं पवित्र हृदय, मरीयेचं हृदय, क्रूस, खिळे अशी चिन्हं तबकडीवर रंगवलेलं खिशातलं जुनं घड्याळ कुणी तुम्हाला ‘गोव्याच्या जेज्वीट पाद्र्यांचं’ (जेज्वीट हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) म्हणून दाखवलं, तर पैसे काढण्याआधी हे वाचा. आम्ही एक लाख वीस हजार मोजले. आम्ही म्हणजे आमचं अख्खं खटलं. माझा मावसभाऊ धर्मगुरू आहे. त्याच्या दीक्षेला पंचवीस वर्षं होत होती आणि त्याला जन्मभर जवळ राहील असं काहीतरी द्यायचं, म्हणून वसईपासून नाशिकपर्यंतच्या नातेवाइकांनी वर्गणी काढली होती. जुन्या घड्याळांचा नाद मला, त्यामुळे खरेदीचं काम माझ्याकडे आलं.

विक्रेता भेटला तो २०२४च्या अखेरीस. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचं दर्शन २१ नोव्हेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत खुलं होतं. दहा वर्षांनी येणारा सोहळा. घराघरांत कोण कधी जाणार, बस कुठून निघणार, हाच विषय. त्याने ती वेळ अचूक साधली. सांगायची गोष्टही तयार होती: १७८५ सालचं लंडनचं घड्याळ, गोव्यातल्या एका जेज्वीट पाद्र्याने भक्तीपोटी तबकडीवर चिन्हं रंगवून घेतलेली, पुढे ते एका गोवेकर कुटुंबाकडे आलं, त्यांची नवी पिढी लिस्बनला स्थायिक झाली आणि आता घर रिकामं करताना विकायला काढलंय. बॉम जीझस बॅसिलिकेच्या दर्शनी भिंतीवर जी ‘आय-एच-एस’ ही येशूच्या नावाची अक्षरं आहेत तीच तबकडीवर बाराच्या आकड्याखाली होती, आणि हे त्याने मोबाइलवर फोटो काढून शेजारी धरून दाखवलं.

भेट एका हॉटेलात झाली. घड्याळ दुहेरी केसचं, म्हणजे एकात एक बसणाऱ्या दोन कवचांचं, चांदीचं. आतल्या केसवर सिंह, मुकुटवाला बिबट्या आणि सालाचं अक्षर असे लंडनचे छाप स्पष्ट, आणि साल १७८५च निघत होतं. पुढची काच उघडून त्याने सहाच्या आकड्याजवळची कळ दाबली आणि मशीन बिजागरीवर फिरवून बाहेर काढलं. व्हर्ज या जुन्या पद्धतीचं, फ्यूजीचं मशीन: शंकूच्या आकाराचं चाक, त्यावर सायकलच्या चेनसारखी पण अगदी बारीक साखळी, आणि बॅलन्सवर, म्हणजे मागेपुढे डुलणाऱ्या चाकावर, जाळीदार कोरलेलं पितळी झाकण. माझं भिंग त्याने स्वतःहून पुढे करायला सांगितलं. “बघा सर, निवांत बघा.” मी निवांत बघितलं. मशीन अस्सल होतं, आजही आहे.

आणि या सगळ्या वेळात तबकडी खाली, त्याच्या तळहातावरच्या शामॉईच्या, म्हणजे मऊ कातड्याच्या, तुकड्यात होती. सुलट केली की लगेच काच बंद. “काटे फार नाजूक आहेत सर, अडीचशे वर्षांचे.” तेव्हा ती काळजी वाटली. ती काळजी नव्हती, ती त्याची रीत होती, हे दुसऱ्या एका कुटुंबाशी बोलल्यावर कळलं. त्यांनाही नेमकं तेच वाक्य आणि तोच शामॉईचा तुकडा.

या फसवणुकीची सगळी मेख इथे आहे. गिऱ्हाइकाने मशीन तपासावं अशीच त्याची इच्छा असते. मशीन खरं, केस खरी, छाप खरे. एवढं खरं एका जागी दिसलं की त्याच्यावर बसवलेली तबकडीही त्याच्याच बरोबरची असणार असं आपण गृहीत धरतो. पण किंमत मागितली जाते ती तबकडीवरच्या चित्राची. नुसतं तेवढंच मशीन आणि चांदीची केस घेतली तर आम्ही दिले त्याच्या निम्मेही पैसे पडत नाहीत.

पहिली शंका काढली ती ज्याच्यासाठी घड्याळ घेतलं त्यानेच. सोहळ्याच्या आधी घरी जेवायला आला होता, म्हणून दाखवलं. फादर बराच वेळ तबकडीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “अरे, हे खालचं चिन्ह सतराशे पंच्याऐंशीचं कसं असेल? ही तर पॅरिसच्या पदकाची मागची बाजू आहे.” सहाच्या आकड्यावर ‘एम’ हे अक्षर, त्यातून वर निघालेला आडव्या दांडीवरचा क्रूस, खाली दोन हृदयं, एकाभोवती काटेरी मुकुट, दुसऱ्यात खुपसलेली तलवार. गळ्यात पदक घालणाऱ्या कुठल्याही कॅथलिक माणसाने हे हजारदा पाहिलेलं असतं. कॅथरीन लाबुरे या जोगिणीला पॅरिसमध्ये मरीयामातेने जे दर्शन दिलं ते १८३०चं, आणि पहिली पदकं पाडली गेली १८३२ साली. म्हणजे १७८५ साली रंगवलेल्या तबकडीवर पंचेचाळीस वर्षांनंतरचं चिन्ह.

पवित्र हृदयाचं तसं नाही. मार्गारेट मेरी अलाकोक यांची पारे-ल-मोनियालमधली दर्शनं १६७३ ते १६७५ची, त्यामुळे ज्वाळा आणि काटेरी मुकुटाचं हृदय अठराव्या शतकात सहज बसतं. एक चिन्ह काळात बसतं म्हटल्यावर बाकीचीही बसत असतील असं वाटून जातं.

मग फादर हसायलाच लागला. जेज्वीट पाद्री, तोही गोव्यात, तोही १७८५ला! पोर्तुगालच्या पोंबाल या मंत्र्याने जेज्वीटांना पोर्तुगीज मुलखातून १७५९मध्येच हाकललं होतं. १७७३मध्ये पोप चौदावे क्लेमेंट यांनी सगळी संस्थाच बरखास्त केली, ती पुन्हा उभी राहिली १८१४ला. मधल्या काळात रशियात तेवढे काही जण तग धरून होते. गोव्याचा ‘जेज्वीट पाद्री’ म्हणजे शुद्ध लोणकढी थाप. ही माहिती कुठल्याही चर्चच्या वाचनालयात मिळते, आणि विकणाऱ्याला गिऱ्हाईक तिथपर्यंत जाणार नाही याची खात्री असते.

तरीही मी म्हटलं, चित्र नंतर रंगवलेलं असेल, एकोणिसाव्या शतकातलं असेल, तेही चाललं असतं. म्हणून घड्याळ घेऊन आमच्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी काटे उतरवले, तबकडीच्या पिना काढायला गेले तर पिनाच नव्हत्या. मागचे तांब्याचे पाय कापलेले, आणि तबकडी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवलेली. पालथी करून त्यांनी ती दिव्याखाली धरली. दोनच्या आकड्यामागे एक गोल भोक, त्यात कडक झालेली करडी पुट्टी. “ही तबकडी या मशीनची नाहीच,” काका म्हणाले. “हे भोक चावीचं. फ्रेंच घड्याळांना पुढून, तबकडीतून चावी देतात. तुमचं मशीन इंग्रजी, त्याला मागून चावी लागते. याला पुढे भोक कशाला?” पुढच्या बाजूने बघितलं तर नेमकं त्या भोकावर मरीयेच्या हृदयाभोवतीचं सगळ्यात मोठं गुलाबाचं फूल. बाकीची फुलं मुगाएवढीही नाहीत आणि हे एकच एवढं थोराड का, याचं उत्तर मिळालं.

आता रंग. जुनी इनॅमलची तबकडी म्हणजे तांब्याच्या पातळ चकतीवर काचेची पूड घालून साधारण आठशे अंशांवर भट्टीत भाजलेली. तिच्यावरचं अस्सल चित्रही धातूंच्या भस्मांचे रंग लावून पुन्हा भट्टीतूनच निघतं. रंग काचेत विरघळून काचच होतो. ही कला फ्रान्समध्ये शातोदँच्या ज्याँ तुतँने १६३०च्या सुमारास बसवली, आणि पुढे जिनिव्हाच्या ह्युओ घराण्याने घड्याळांच्या केसवर पवित्र कुटुंबाची वगैरे चित्रं काढली ती आजही कालच्यासारखी आहेत. (जिनिव्हा कॅल्व्हिनचं, कट्टर प्रॉटेस्टंट शहर, पण कॅथलिक गिऱ्हाइकांसाठी क्रुसाच्या आकाराची घड्याळं करताना तिथल्या कारागिरांचा धर्म आड आला नाही. धंदा तो धंदा.) त्यामुळे धार्मिक चित्राचं जुनं घड्याळ असूच शकत नाही, असं कुणी समजू नये. असतात, आणि चांगली असतात.

आमच्या तबकडीवर तिरपा उजेड टाकला की चित्र पृष्ठभागाच्या वर उचललेलं दिसत होतं. नखाला कड लागत होती. तबकडीला नऊच्या आकड्यापासून मधल्या भोकापर्यंत केसासारखी तडा आहे. अस्सल चित्र असतं तर तडेबरोबर तेही चिरलं असतं. इथे लाल रंग तडेत उतरलेला होता, म्हणजे आधी तडा, मग रंग. दहापट भिंगाखाली पवित्र हृदयाच्या ज्वाळा बघितल्या तर त्या रेघांच्या नव्हत्याच, ठिपक्यांच्या होत्या: पिवळे, किरमिजी, निळसर ठिपके, वर्तमानपत्रातल्या रंगीत फोटोला असतात तसे. म्हणजे छापील चित्र चिकटवून वर थोडा हात फिरवलेला आणि त्यावर वार्निश. काकांनी कापसाच्या काडीला अॅसिटोन लावून कडेचं एक पान पुसलं, ते काडीवर आलं. ही शेवटची चाचणी घरी करू नका. काही अस्सल तबकड्यांवर बनवणाऱ्याचं नाव न भाजलेल्या रंगात असतं, आणि ते पुसलं गेलं तर घड्याळ आणखी पडेल भावाचं होतं.

आपल्याकडे हा उद्योग नवा नाही. जुन्या एचएमटी आणि सायको घड्याळांच्या तबकड्या भडक रंगवून विकतात, त्यांना संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते बहुतेकांना ओळखता येतं. फरक एवढाच की तिथे हजार-दोन हजारांचा मामला असतो आणि इथे देवाचं नाव घेऊन लाखाचा. भक्तिभावाने घेणारा माणूस तबकडीवर नख मारून बघत नाही, ते त्याला अपमान केल्यासारखं वाटतं.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा आधी “सर, तुम्ही स्वतः भिंग लावून बघितलंत ना”, मग “तुमच्या घड्याळवाल्यानेच तबकडी बदलली असेल”, आणि शेवटी बिल वाचा. बिलावर ‘जुने शोभेचे घड्याळ, आहे त्या स्थितीत, परत घेतले जाणार नाही’ एवढंच. १७८५ नाही, गोवा नाही, पाद्री नाही. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा व्यापार करायला १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तोंडाने पुरावस्तू विकायची आणि कागदावर शोभेची वस्तू लिहायची, म्हणजे परवानाही नको आणि जबाबदारीही नको. परवान्याचा नंबर विचारला त्याच रात्री त्याने मला ब्लॉक केलं. तेव्हा असलं काही घेताना साल, बनवणाऱ्याचं नाव आणि ‘तबकडी मूळची आहे’ हे शब्द बिलावर लिहून मागा. नुसतं मागितलं तरी पुढचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आगाऊ रक्कम यूपीआयने दिली होती, बाकीची त्याने रोख मागितली होती. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण व्यवहार होऊन फार दिवस झाले होते आणि खात्यात काही शिल्लक नव्हतं. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली अर्ज दिला आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाणार आहोत. दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. सध्या सगळं भिजत घोंगडं आहे. फादरने भेट म्हणून घड्याळ नको म्हटलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर जे व्हायचं ते झालं.

मधल्या काळात आमच्या धर्मग्रामाबाहेरच्या एका कुटुंबाने त्याच माणसाकडून घेतलेल्या घड्याळाचे फोटो पाठवले. गोष्ट तीच, १७८५ तेच, पाद्री तोच. मशीन मात्र रॉस्कॉफ पद्धतीचं, म्हणजे स्वित्झर्लंडच्या त्या स्वस्त ‘कामगारांच्या घड्याळा’च्या घराण्यातलं, जे १८६७च्या आधी अस्तित्वातच नव्हतं. आणि तबकडीवरचं चित्र हुबेहूब आमचंच: पवित्र हृदयाच्या काटेरी मुकुटात उजवीकडून तिसऱ्या काट्याचं टोक दोन्हींत तुटलेलं. हाताने रंगवलेल्या दोन चित्रांत एकच काटा एकाच जागी तुटत नाही.

तुमच्याकडे असं घड्याळ असेल तर आधी तो काटा बघा. तुटलेला असेल तर घड्याळ कुणाकडे साफ करायला देऊ नका, वार्निश आणि टेप आहे तशी राहू द्या. तबकडीचे दोन्ही बाजूंचे फोटो, बिल आणि त्याचे मेसेज घेऊन तुमच्या जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. आमच्या ठाण्यातले अधिकारी म्हणाले की एकच तक्रार असली तर तो ‘गिऱ्हाइकाचा गैरसमज’ म्हणून सुटेल, तीन-चार आल्या तर चौकशीला बोलावता येईल. आत्तापर्यंत दोन झाल्या आहेत.