एसिटालोप्रॅमचे नऊ महिने: पेंग, गुंगी आणि मरगळ

गोळ्या सुरू होऊन दुसरा आठवडा होता. सकाळचे पावणेअकरा, मी संगणकावर हिशेबाचा तक्ता भरत होते. डोळे उघडले तेव्हा एका रकान्यात शून्यांची लांबच लांब रांग लागली होती. बोट बटणावर तसंच दाबलेलं राहिलं होतं. शेजारची सहकारी हळूच म्हणाली, "अगं, बरं नाहीये का? घरी जातेस का?" तोंडावर पाणी मारताना मी ठरवून टाकलं, आज रात्रीपासून गोळी बंद.

संध्याकाळी ताईचा फोन आला. तिला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "बंद करायची तर कर, पण आधी डॉक्टरांशी बोल. मला शब्द दे." शब्द दिला म्हणून गोळी चालू राहिली.

नैराश्यासाठी मला एसिटालोप्रॅम दिलं होतं. पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम, मग १०. सुरुवातीला जीव घाबरा होतो आणि झोप उडते, म्हणून सोबत रात्री अर्धा मिलिग्रॅम क्लोनॅझेपाम. डॉक्टरांनी बजावलं होतं की त्रास आधी येतो आणि गुण मागून. थोडा फरक दिसायला दोन ते चार आठवडे, पुरता गुण यायला सहा ते आठ. हे तेव्हा कानांवरून गेलं. दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे नुसते त्रासच होते आणि गुणाचा पत्ता नव्हता. बरेच जण गोळी सोडतात ती याच दिवसांत, असं मला मनापासून वाटतं.

डॉक्टरांकडे गेल्यावर मी म्हटलं, "दिवसभर झोप येते." त्यांनी विचारलं, "झोप येते, गुंगी असते, की अंगात त्राण नसतं?" मला उत्तर देता येईना. मला ते तिन्ही एकच वाटत होतं. ते म्हणाले, आठवडाभर लिहून आणा.

मी वहीत खुणा करायला लागले. 'पें' म्हणजे पेंग: डोळे मिटतात, मान खाली जाते, वीस मिनिटं पडलं तर बरं वाटतं. 'गुं' म्हणजे गुंगी: डोक्यावर ओलं घोंगडं टाकल्यासारखं, बोलताना शब्द उशिरा सापडतात, झोपून उठलं तरी जात नाही. 'म' म्हणजे मरगळ: झोप अजिबात येत नाही, पण आंघोळीला उठायचं म्हटलं तरी डोंगर वाटतो. आपल्या भाषेत यांना वेगळे शब्द आहेत, आणि आपण डॉक्टरांसमोर तिन्हींना मिळून "झोप येते" म्हणून मोकळे होतो. माझा सगळा अनुभव या एका गोष्टीभोवती फिरतो, म्हणून इतकं सांगतेय.

आठ दिवसांची वही बघून डॉक्टरांनी दोन मिनिटांत तिढा सोडवला. 'गुं' रोज सकाळी उठल्यापासून अकरा-साडेअकरापर्यंत. ती मुख्यतः क्लोनॅझेपामची. या गोळीचा अंमल लांबतो. रक्तातली तिची मात्रा निम्मी व्हायला साधारण ३० ते ४० तास लागतात, म्हणजे आदल्या रात्रीची गोळी पुरती उतरायच्या आत दुसरी पोटात. मी दोन आठवडे सगळा राग चुकीच्या गोळीवर काढत होते! ती आधी निम्मी केली, मग एक दिवसाआड, मग बंद. हे त्यांनी सांगितलेल्या वेळापत्रकानेच केलं, कारण क्लोनॅझेपामही एकदम तोडायची गोळी नाही. बंद झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी डोकं लख्ख वाटलं.

'पें' मात्र रोज नव्हती. ती यायची दुपारी, आणि आदल्या रात्री झोपमोड झालेली असली की हमखास. रात्री दोन-तीनला मी घामाने भिजून उठत होते. उशीचा अभ्रा पिळावा इतका ओला. हा घाम एसिटालोप्रॅमचाच. त्यात स्वप्नं अशी ठसठशीत, की उठल्यावर खरं काय घडलं हे आठवून बघावं लागायचं. गोळी साडेदहाऐवजी संध्याकाळच्या जेवणानंतर साडेआठला घ्यायला लागले, पातळ सुती कपडे, उशाशी कोरडा अभ्रा आणि टॉवेल. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद. पेंग घालवायला मी चारला कडक कॉफी प्यायचे आणि तीच रात्रीची झोप मोडायची. दुपारी गजर लावून वीस मिनिटंच पडायचं, तासभर झोपलं की उठल्यावर जास्त जड वाटतं. सकाळी उठल्या उठल्या उन्हात पंधरा-वीस मिनिटं चालणं. हे सगळं साधं आहे, पण मला याचा उपयोग गोळ्यांच्या अदलाबदलीइतकाच झाला. काहींना हीच गोळी रात्री जागवते, मग डॉक्टर ती सकाळी घ्यायला सांगतात. वेळ बदलण्याआधी विचारावं.

'म' वर यातल्या कशाचाच परिणाम झाला नाही. ती गोळीची नव्हतीच, ती आजाराची होती. सातव्या आठवड्यात एका रविवारी मी कोणी न सांगता कपाट आवरायला घेतलं. नवरा दारात उभा राहून बघत होता, काही बोलला नाही. त्या रात्री वहीत 'म' नव्हता.

जांभयांचं वेगळंच. झोप नसताना जबडा दुखेपर्यंत जांभया यायच्या. समोरच्याला वाटतं आपण कंटाळलोय. हा एसिटालोप्रॅमच्या गटातल्या औषधांचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, महिनाभरात आपोआप गेला. मळमळ दहा दिवस होती. ही गोळी सेरोटोनिन या रसायनावर काम करते, आणि शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन आतड्यांत असतं, त्यामुळे पोट आधी कुरकुरतं. भरल्या पोटी गोळी घेतल्यावर सुसह्य झालं.

दोन चुका माझ्या हातून झाल्या. सर्दीसाठी घरात पडलेली गोळी घेतली आणि पुढचा अख्खा दिवस झोपेत गेला. तिच्यात क्लोरफेनिरामिन होतं. सर्दीची ही जुनी औषधं मेंदूतल्या हिस्टामिनचा मार्ग अडवतात, आणि हिस्टामिन आपल्याला जागं ठेवतं. मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन या नैराश्यावरच्या गोळ्यांची गुंगीही बरीचशी याच मार्गाने येते, म्हणून त्या रात्री देतात. दुसरी चूक: प्रवासाला जाताना गोळ्यांची पट्टी घरी राहिली. दोन रात्री चुकल्या, तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात बारीक वीज चमकल्यासारखं व्हायचं, चक्कर, उगाच रडू. गोळी परत सुरू केल्यावर दीड दिवसात थांबलं. तेव्हापासून एक पट्टी कायम पर्समध्ये असते.

स्कूटर मी पहिले पाच आठवडे चालवली नाही. गुंगीत असणाऱ्याला आपण गुंगीत आहोत हे कळत नाही, शून्यांच्या रांगेने मला ते शिकवलं होतं.

शारीरिक संबंधांबद्दलही लिहिते, कारण हे कोणी सांगत नाही आणि माणूस मनातल्या मनात झुरतो. इच्छा कमी झाली, आणि सुखाच्या टोकापर्यंत पोचणं फार लांबलं, कधी झालंच नाही. मळमळ जाते तसं हे आपोआप जाईलच असं नाही. नवऱ्याला वाटलं त्याचंच काही चुकतंय. एका रात्री सरळ सांगून टाकलं की हे गोळीमुळे आहे. डॉक्टरांना सांगायला मात्र मला तीन महिने लागले, आणि ते ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांच्यासाठी ही रोजची तक्रार होती. मात्रा कमी करणं, औषध बदलणं असे उपाय असतात.

माझी मात्रा चौथ्या महिन्यात १५ झाली होती. पेंग आठवडाभर परत आली आणि गेली. पण सहाव्या महिन्यात मैत्रिणीचे वडील गेले. ती माझ्या गळ्यात पडून रडत होती, तिचे खांदे हलत होते, माझा हात तिच्या पाठीवर होता आणि माझ्या आत काहीच हललं नाही. काका मला लहानपणापासून ओळखत होते. हा बधिरपणा मला सगळ्या दुष्परिणामांत जास्त लागला. डॉक्टरांनी विचारलं, जुनं दुःख परत आलंय का? नाही म्हटल्यावर मात्रा पुन्हा १० वर आणली. पाच आठवड्यांनी त्या मैत्रिणीशी फोनवर बोलताना काकांचा विषय निघाला आणि मला रडू फुटलं. ती घाबरली. मला फार बरं वाटलं.

घरात वयस्क माणूस ही गोळी घेत असेल आणि अचानक सुस्त पडलं, गोंधळल्यासारखं बोलायला लागलं, तर वयाचं आहे म्हणून सोडू नका; रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं, लगेच दाखवा. आणि पंचविशीच्या आतल्या मुलामुलींकडे पहिले काही आठवडे व मात्रा बदलल्यावर नीट लक्ष हवं. बेचैनी वाढली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट बघू नये, त्याच दिवशी डॉक्टर.

सध्या १० मिलिग्रॅम, रात्री साडेआठला. घाम अजून येतो, पण अभ्रा पिळण्याइतका नाही. पूर्ण बरं वाटायला लागल्यापासून निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची आणि मग काही आठवड्यांत पायरीपायरीने उतरवायची, असं ठरलंय. वही चालू आहे. गेल्या महिन्यात तीन 'पें', तिन्ही जागरणाच्या दुसऱ्या दिवशी. 'गुं' एकही नाही. 'म' एकदाच आला, एका पावसाळी मंगळवारी, आणि दुपारपर्यंत गेला.