आधी काय मागावं : वर्गखोल्यांचा निधी की हजेरीची सक्ती?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका पालक-शिक्षक संघापुढे पेच आहे. पर्वरीत विधानसभेचं अधिवेशन भरण्याआधी आमदारांकडे जोर कशावर लावायचा?

खर्चात हजेरीची सक्ती स्वस्त. परिपत्रक निघालं की काम सुरू. इमारतीला अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा हवी, आणि काम पावसाआधी उरकलं नाही तर वर्ष गेलं.

पण टिकण्याचं बघा. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कौलं सरकली की चिऱ्यांच्या भिंतीत ओल शिरते, बाकं कोरड्या कोपऱ्यात ओढतात, दोन इयत्ता एकत्र बसतात. अशा वर्गात हजेरी भरून मूल शिकणार काय? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सर्व ऋतूंत टिकणारी इमारत आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली लिहिलेली आहे. तेव्हा ही मागणी म्हणजे मेहेरबानी नव्हे.

मेहनत? सक्तीचा सगळा भार शिक्षकांवर पडतो.

शाळा गळत असेल तर निःसंशय निधी मागा. छप्पर धड असून मुलं वारंवार घरी राहत असतील तर हजेरीचा नियम उपयोगी. मात्र वाड्यावरून येणाऱ्या मुलांना सकाळची बस वेळेवर मिळते का, हे आधी तपासा.