हातातलं एक्सआरएफ यंत्र आणि तळ्याच्या गाळातलं जुनं शिसं: आठ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत मध्य स्वीडनमधल्या एका गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून आम्ही गाळाचा कोअर (थर जसेच्या तसे राहिलेला उभा दंडगोल) काढला. तेव्हापासून हे एक्सआरएफ (क्ष-किरण प्रतिदीप्ती) यंत्र रोज माझ्या हातात आहे. दिसायला पिस्तुलासारखं, वजन दीड किलोच्या आसपास. गाळावर क्ष-किरण सोडायचे, आणि त्यातले धातू आपापल्या ऊर्जेचे किरण परत पाठवतात ते मोजायचं, एवढंच याचं काम. मला हवं आहे ते शिसं.

स्वीडनच्या तळ्यांत जुनं शिसं का असावं, हे आधी सांगते, कारण यंत्राची परीक्षा तिथेच होते. चांदी बहुतेक वेळा शिशाच्या खनिजातून मिळायची. रोमन भट्ट्यांमध्ये ते खनिज भाजून, शिसं वितळवून चांदी वेगळी करत. त्या धुरातले बारीक कण वाऱ्यावर उत्तरेला आले, पावसाबर्फाबरोबर तळ्यांत उतरले आणि गाळात थराथराने बसले. १९९४ मध्ये इंगेमार रेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी स्वीडनच्या तळ्यांमध्ये हे दाखवून दिलं: सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एक लहान उंचवटा, इसवी सन १००० नंतर पुन्हा चढ, आणि १९७० च्या दशकात शिसंयुक्त पेट्रोलचा कळस. जिथे तेव्हा कुणी शिसं वितळवत नव्हतं, तिथल्या तळ्याने रोमची नोंद ठेवली! मी या विषयाकडे वळले ते यामुळेच.

आता यंत्र. पहिला महिना मी ओल्या कोअरवरच रीडिंग घेत होते, आणि तो महिना वाया गेला. ताजा गाळ गुळाच्या खरवसासारखा असतो, टोचला की थरथरतो. वरच्या थरांत तर नव्वद टक्क्यांपर्यंत पाणी. पाणी किरण शोषतं, त्यामुळे आकडे कमी येतात, आणि प्रत्येक थरात पाणी वेगळं म्हणून चूकही वेगळी. आता एकेक सेंटिमीटरचा काप फ्रीझ-ड्राय करते (गोठवून त्यातलं पाणी काढून टाकते), अगाटच्या खलात मैद्यासारखा वाटते, पातळ फिल्म लावलेल्या कपात दाबून भरते आणि स्टँडवर ठेवून १८० सेकंद मोजते. रोज सकाळी आधी एक प्रमाणित गाळ, म्हणजे ज्यातल्या धातूंचं प्रमाण आधीच ठाऊक आहे असा, मग माझे काप. एवढं केलं की शिशाचे आकडे दिवसागणिक हलत नाहीत. या बाबतीत यंत्राला पैकीच्या पैकी गुण.

आर्सेनिकच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. प्रत्येक धातूचे किरण ठरावीक ऊर्जेला येतात, त्याला रेषा म्हणतात; १०.५ केईव्हीजवळ (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं एकक) शिशाची आणि आर्सेनिकची रेषा जवळजवळ एकमेकींवर पडते. यंत्र वजाबाकी करून दोन्ही आकडे देतं, पण शंका आली की मी स्पेक्ट्रम (कुठल्या ऊर्जेचे किती किरण आले याचा आलेख) उघडून १२.६ जवळची शिशाची दुसरी रेषा बघते. जूनमध्ये एका थरात आर्सेनिक अचानक उसळलं होतं. स्पेक्ट्रममध्ये त्याची स्वतःची ११.७ वरची रेषा नावालाही नव्हती.

टायटॅनियम हे यंत्र छान मोजतं, आणि त्याचा उपयोग मोठा आहे. टायटॅनियम येतं मातीतून, भट्टीतून नाही. शिसं आणि टायटॅनियम बरोबरीने चढले तर पावसाने काठाची माती आत आणली. शिसं एकटंच चढलं तर ते बहुधा हवेतून आलं.

एक गैरसोय झाली. खाली सांडलेल्या वाळूच्या कणाने यंत्राच्या खिडकीची फिल्म फाटली, आणि नवी यायला पाच आठवडे लागले. दोन फिल्म जवळ ठेवाच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या कोअरमध्ये विसावं शतक लख्ख दिसतं, मध्ययुगही दिसतं, पण रोमन उंचवटा या यंत्राला दिसत नाही. तो मोजक्या पीपीएमचा (दहा लाखांत काही भाग) आहे, यंत्राच्या मोजमापातल्या त्रुटीत बुडून जातो. त्यासाठी शिशाची समस्थानिकं, म्हणजे त्याचेच वेगवेगळ्या वजनाचे अणू, मोजावी लागतात. इथल्या खडकांतल्या शिशाचं २०६/२०७ (शिसं-२०६ आणि शिसं-२०७ या अणूंचं) गुणोत्तर साधारण १.३ च्या वर असतं, जुन्या युरोपीय खाणींच्या शिशाचं १.१७ च्या आसपास. त्यामुळे परकं शिसं थोडं असलं तरी गुणोत्तर खाली ओढतं. ते काम मास स्पेक्ट्रोमीटरचं, अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचं.

तरीही यंत्र परत द्यायला मी तयार नाही. एका कोअरचे दीडशे काप मास स्पेक्ट्रोमीटरवर पाठवणं परवडत नाही; कुठले वीस पाठवायचे ते मी याच्यावरूनच ठरवते. खालच्या थरांतले सहा काप गेल्या आठवड्यात रवाना केले. वयाच्या अंदाजाने ते रोमन काळातले आहेत, आणि निकालाची मी रोज वाट बघते आहे.