कानातलं किर्रर्र: मोबाईलवरचा पाऊस की योगा?

तीन वर्षं झाली, दोन्ही कानांत रातकिड्यांसारखं किर्रर्र चालूच आहे, ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी केली, ऐकणं थोडं कमी निघालं, डॉक्टर म्हणाले आवाज पूर्ण घालवणारं औषध नाहीये, त्रास कमी करता येतो. मग दोन गोष्टी करून बघितल्या.

मोबाईलवर पावसाचा आवाज लगेच काम करतो. दादरला आमचं घर रुळांजवळ, रात्री शेवटची लोकल गेली की सगळं शांत होतं आणि किर्रर्र एकदम वर येतं, तेव्हा पाऊस लावायचा, पण कानातल्या आवाजापेक्षा थोडा हळू, पूर्ण झाकायचा नाही. बंद केला की परत तेच. आणि इअरफोन घालून मोठ्याने लावू नका प्लीज, कान अजून बिघडतात.

योगाला वेळ लागतो. भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणायचा प्राणायाम, करताना अंगठ्याने कान बंद केले तर आवाज उलट मोठाच वाटला, मी घाबरून सोडूनच दिलं होतं, मग योगाच्या मॅडम म्हणाल्या, कान उघडे ठेव, नुसतं म्मम्म करत लांब श्वास सोड. ते गुंजन कपाळात, छातीत जाणवतं, आवळलेला जबडा सैल पडतो. दोनेक महिन्यांनी लक्षात आलं, आवाज तेवढाच आहे पण जीव घाबरा होत नाही, झोप लागते. शीर्षासन मात्र बीपी किंवा काचबिंदू असेल तर नकोच.

माझं मत योगालाच, पाऊस फक्त रात्रीपुरता. पण एकाच कानात वाजत असेल किंवा नाडीसारखं धडधडत असेल तर आधी ईएनटीला दाखवा.